वितळलेल्या चॉकलेटच्या पुढची गोष्ट: पर्सी स्पेन्सर आणि कारखान्यातला मायक्रोवेव्ह

एक छोटा प्रयोग. ब्लूटूथ हेडफोनवर गाणं लावा आणि चालू असलेल्या मायक्रोवेव्हजवळ जाऊन उभे राहा. बऱ्याच घरांत गाणं अडखळायला लागतं. वाय-फाय २.४ गिगाहर्ट्झवर असेल तर व्हिडिओही कधीकधी गोल गोल फिरत बसतो. कारण साधं आहे. तुमचं वाय-फाय, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हन हे तिघेही लहरींच्या एकाच पट्ट्यात राहतात. ओव्हनच्या धातूच्या पेटीतून किंचितशी जी ऊर्जा बाहेर झिरपते, ती माणसाला त्रास देण्याइतकी नसते, पण हेडफोनच्या नाजूक सिग्नलला पुरून उरते.

हा ओव्हन ज्याच्यामुळे आला, त्या पर्सी स्पेन्सरची गोष्ट तुम्ही रीलमध्ये पाहिली असेल. रडारजवळ उभा होता, खिशातलं चॉकलेट वितळलं, लागला शोध! तीस सेकंदांत गोष्ट संपते. मीही बरीच वर्षं एवढंच सांगायचो. मग एकदा त्याच्या पेटंटमधली आकृती नीट पाहिली आणि लक्षात आलं की आपण गोष्टीचा सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग पाठ करून ठेवलाय. त्या आकृतीत स्वयंपाकघर नाहीच. तिथे अन्न एका सरकत्या पट्ट्यावरून चाललंय. थोडक्यात, कारखाना!

म्हणून आज ही गोष्ट पहिल्यापासून.

शाळा सुटली ती कायमचीच

पर्सी लेबॅरन स्पेन्सरचा जन्म १९ जुलै १८९४ चा, अमेरिकेच्या ईशान्य टोकाला असलेल्या मेन राज्यातल्या हाउलँड या छोट्या गावातला. तो दीड वर्षाचा असताना वडील गेले. आईने त्याला काका-काकूंकडे सोपवलं आणि ती निघून गेली. सात वर्षांचा झाला तेव्हा काकाही गेले. शाळा अर्धवट सुटली आणि बाराव्या वर्षी तो दोऱ्याची लाकडी रिळं बनवणाऱ्या गिरणीत कामाला लागला. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम, असं चार वर्षं.

तो सोळा वर्षांचा असताना जवळच्या कागद कारखान्यात वीज येणार असल्याचं त्याच्या कानावर आलं. वर्ष १९१०. त्या भागात वीज म्हणजे काय हे माहीत असलेली माणसं शोधावी लागत. पर्सीने मिळेल ते वाचलं, हाताने करून पाहिलं आणि अर्ज केला. वीज बसवण्यासाठी निवडलेल्या तिघांमध्ये तो होता. ना शिक्षण, ना प्रमाणपत्र.

१९१२ च्या एप्रिलमध्ये टायटॅनिक बुडालं. त्या रात्री जहाजावरच्या वायरलेस ऑपरेटरांनी पाठवलेल्या संदेशांमुळेच दुसरं जहाज मदतीला आलं आणि सातशेच्या वर माणसं वाचली. ही बातमी वाचून पर्सीला वायरलेसचं वेड लागलं. अठराव्या वर्षी तो नौदलात भरती झाला, कारण वायरलेस शिकायची त्याच्यासारख्याला परवडणारी जागा तीच होती. रात्रीच्या पहाऱ्यावर पुस्तकं घेऊन बसायचं आणि स्वतःच शिकायचं, हा त्याचा क्रम. त्रिकोणमिती, कॅलक्युलस, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, धातुशास्त्र, सगळं असंच.

माझ्याकडे चार वर्षांची इंजिनिअरिंगची डिग्री आहे. मायक्रोवेव्ह विषयाचा पेपर मी परीक्षेच्या आदल्या रात्री 'महत्त्वाचे प्रश्न' वाचून काढला होता. त्यामुळे पहाऱ्यावर कॅलक्युलस शिकणारा हा मुलगा डोळ्यासमोर आला की थोडं ओशाळायला होतं.

पोकळ्यांची शिट्टी

१९२० च्या दशकात स्पेन्सर बोस्टनजवळच्या एका नव्या कंपनीत दाखल झाला. तिचं नाव पुढे रेथिऑन पडलं. सुरुवातीचा धंदा रेडिओच्या नळ्यांचा, म्हणजे व्हॅक्यूम ट्यूबचा. ट्रान्झिस्टर यायच्या आधी सगळं इलेक्ट्रॉनिक्स या काचेच्या नळ्यांवर चालायचं. १९३९ पर्यंत रडारसाठी लागणाऱ्या नळ्यांच्या रचनेत त्याचं नाव जगातल्या मोजक्या जाणकारांत घेतलं जाऊ लागलं.

दरम्यान दुसरं महायुद्ध पेटलं. फेब्रुवारी १९४० मध्ये इंग्लंडच्या बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी एक नवं उपकरण चालवून दाखवलं: कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन. तांब्याचा एक जाड ठोकळा घ्या. त्याच्या मधोमध एक मोठं भोक आणि भोवती गोलाकार छोट्या पोकळ्या. मधल्या तापलेल्या तारेतून इलेक्ट्रॉन निघतात, बाहेरून लावलेलं चुंबक त्यांना सरळ जाऊ देत नाही, ते गरगर फिरतात. फिरताना ते पोकळ्यांच्या तोंडावरून जातात आणि त्या पोकळ्या 'वाजतात'. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर शिट्टी येते ना, तसंच. फरक इतकाच की इथे आवाज नाही, सुमारे १० सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ लहरी बाहेर पडतात, आणि त्याही प्रचंड ताकदीच्या.

एवढ्या छोट्या लहरी जोरात पाठवता आल्या म्हणजे विमानात मावेल इतका छोटा आणि नेमका रडार शक्य झाला. पण इंग्लंडवर बॉम्ब पडत होते, तिथे हजारोंनी उत्पादन कसं करणार? म्हणून सप्टेंबर १९४० मध्ये ब्रिटिशांनी हे गुपित एका पेटीत घालून अमेरिकेला नेऊन दाखवलं. लवकरच रेथिऑनला उत्पादनाचं काम मिळालं.

अडचण अशी होती की तांब्याचा अख्खा ठोकळा यंत्रावर कोरायचा, आणि तोही अत्यंत अचूक. कुशल कारागिरालाही एका नगाला खूप वेळ लागायचा. सुरुवातीला रेथिऑनमध्ये दिवसाला सुमारे १७ मॅग्नेट्रॉन तयार होत. युद्धाला ते पुरणार नव्हते.

स्पेन्सरने प्रश्नच बदलला. ठोकळा कोरायचाच कशाला? तांब्याच्या पातळ पत्र्यांवर साच्याने हवा तो आकार कापायचा, बिस्किटं कापतात तसा. ते पत्रे एकावर एक रचायचे, मध्ये चांदीच्या डागाचे पातळ थर ठेवायचे आणि ही चळत सरकत्या पट्ट्यावरून भट्टीतून काढायची. डाग वितळतो, सगळे पत्रे जुळतात आणि ठोकळा तयार. आता वर्षानुवर्षं हात बसलेल्या कारागिराची गरज उरली नाही, थोडक्या दिवसांत शिकलेला कामगारही हे करू शकत होता. या आणि अशा सुधारणांमुळे उत्पादन दिवसाला २,६०० पर्यंत गेलं. त्याच्या विभागात सुरुवातीला १५ माणसं होती, युद्ध संपेपर्यंत ५,००० झाली. या कामासाठी अमेरिकी नौदलाने त्याला डिस्टिंग्विश्ड पब्लिक सर्व्हिस अवॉर्ड हा नागरिकांना दिला जाणारा मोठा सन्मान दिला.

सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर डेमो चालवून दाखवणारे रँडल आणि बूट, आणि प्रॉडक्शनमध्ये नेणारा स्पेन्सर. या दोन कामांत किती अंतर असतं हे ज्याने एकदा तरी मध्यरात्री रिलीज केलंय त्याला सांगायला नको.

आणि मग ते चॉकलेट

१९४५. चालू मॅग्नेट्रॉनसमोर उभा असताना स्पेन्सरच्या खिशातली गोड वडी वितळली. ती चॉकलेटची होती की शेंगदाण्याची, यावर सांगणाऱ्यांचं एकमत नाही. पण रडारजवळ ऊब लागते हे तिथल्या बऱ्याच जणांना आधीपासून माहीत होतं. रेडिओ लहरींनी अन्न तापवणंही अगदी नवं नव्हतं. १९३३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात वेस्टिंगहाउसने शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर वापरून ते करून दाखवलं होतं, अर्थात बऱ्याच लांब लहरींवर.

स्पेन्सरचं वेगळेपण पुढच्या पावलात आहे. त्याने मक्याचे दाणे मागवले आणि मॅग्नेट्रॉनसमोर ठेवले. ते फटाफट फुटले. मग अंडं ठेवलं. तेही फुटलं, आणि जवळून वाकून पाहणाऱ्या सहकाऱ्याच्या तोंडावर उडालं असं सांगतात. मग लहरी बाहेर न जाता आतच फिरत राहाव्यात म्हणून धातूची बंद पेटी केली. ८ ऑक्टोबर १९४५ रोजी, म्हणजे युद्ध संपून जेमतेम महिना झाला असताना, पेटंटचा अर्ज दाखल झाला. पेटंट मिळालं २४ जानेवारी १९५० रोजी. नाव अगदी रुक्ष, अन्नपदार्थांवर प्रक्रिया करण्याची पद्धत, आणि आकृतीत तो सरकता पट्टा.

काही वर्षं त्याने तांब्याचे पत्रे पट्ट्यावरून भट्टीत जाताना पाहिले होते. अन्नासाठीही त्याच्या डोळ्यासमोर पट्टाच यावा यात नवल नाही.

तापतं कसं?

पाण्याच्या रेणूचं एक टोक किंचित धन असतं, दुसरं किंचित ऋण. मायक्रोवेव्हमधलं विद्युत क्षेत्र सेकंदाला सुमारे २४५ कोटी वेळा पुढे-मागे होतं. रेणू बिचारा प्रत्येक वेळी त्या दिशेला वळायला बघतो, पण शेजारचे रेणू त्याला मोकळेपणाने वळू देत नाहीत. या ओढाताणीत ऊर्जा खर्च होते आणि तिची उष्णता होते. खारट पदार्थात मिठाचे आयनही असेच पुढे-मागे रेटले जातात.

दोन गैरसमज इथेच काढून टाकू. एक, मायक्रोवेव्ह अन्न आतून बाहेर शिजवत नाही. लहरी साधारण एक-दोन इंच आत शिरता शिरता कमजोर होतात. त्यापुढचं काम नेहमीच्या पद्धतीने, आत झिरपत जाणारी उष्णताच करते. दोन, २.४५ गिगाहर्ट्झ ही काही पाण्याची खास 'जादुई' वारंवारता नाही. १९४७ साली अटलांटिक सिटीत झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत हा पट्टा उद्योग, विज्ञान आणि वैद्यकासाठी राखून ठेवला गेला, म्हणून तो वापरात आला. पुढे परवान्याशिवाय वापरता येतो म्हणून वाय-फाय आणि ब्लूटूथही तिथेच येऊन बसले. तुमचं गाणं अडखळतं त्याचं मूळ तिथे आहे.

साडेतीनशे किलोचा ओव्हन

१९४७ मध्ये रेथिऑनने पहिला व्यावसायिक ओव्हन आणला: रेडारेंज. उंची जवळजवळ माणसाएवढी, वजन सुमारे ३४० किलो, किंमत हजारो डॉलर, आणि मॅग्नेट्रॉन थंड ठेवायला पाण्याचा नळ जोडायचा. घरी कोण घेणार? हॉटेलं, जहाजं, रेल्वे अशाच ठिकाणी तो गेला. शिवाय त्यात मांस भाजलेलं दिसायचं नाही. पाणी १०० अंशांना उकळतं आणि पृष्ठभाग ओला असेपर्यंत तापमान त्याच्या फार वर जात नाही. खरपूस रंगासाठी त्याहून बरीच जास्त उष्णता लागते. त्यामुळे आचारी नाराज.

१९५५ मध्ये टॅपन कंपनीने घरगुती मॉडेल काढलं, किंमत १,२९५ डॉलर. फार खपलं नाही. १९६५ मध्ये रेथिऑनने अमाना ही कंपनी विकत घेतली आणि १९६७ मध्ये ओट्यावर मावणारा, घरच्या साध्या सॉकेटवर चालणारा ओव्हन ४९५ डॉलरला आला. इथून पुढची गोष्ट तुमच्या स्वयंपाकघरात आहे.

पण पट्ट्याचं काय झालं?

कारखान्यात गेलेली वाट

पहिला मोठा प्रयत्न झाला बटाट्याच्या वेफर्सवर, १९६० च्या दशकात. शीतगृहात ठेवलेल्या बटाट्यात साखर वाढते. असे बटाटे तळले की शेवटच्या टप्प्यात वेफर काळपट पडतो. मग युक्ती अशी: वेफर थोडा ओलसर असतानाच तेलातून काढायचा आणि उरलेलं पाणी मायक्रोवेव्हच्या बोगद्यात उडवायचं. रंग चांगला येतो. तंत्र चालत होतं, पण धंदा टिकला नाही. यंत्रं महाग, मॅग्नेट्रॉन बदलण्याचा खर्च मोठा, आणि तेवढ्यात बटाट्याच्या जाती आणि साठवण दोन्ही सुधारल्या. ज्या दुखण्यावर औषध होतं ते दुखणंच कमी झालं. तंत्रज्ञानात असं बरेचदा होतं.

टिकलं ते दुसरंच काम, ज्याचं नाव कोणी रीलमध्ये घेणार नाही: गोठलेल्या मांसाचे ठोकळे थोडे सैल करणं. उणे १८ अंशांचा पंचवीस-तीस किलोचा ठोकळा कापायचा तर यंत्राची पाती खराब होतात. खोलीत ठेवून सैल व्हायला दिवस लागतात, तोवर बाहेरचा भाग वितळून पाणी गळतं आणि जंतूंची चंगळ होते. मायक्रोवेव्हच्या बोगद्यात हेच काम काही मिनिटांत होतं.

इथे एक सुंदर अडचण आहे. बर्फातले रेणू जागच्या जागी जखडलेले असतात, म्हणून बर्फ मायक्रोवेव्ह फारशा शोषत नाही. पाणी मात्र भरपूर शोषतं. त्यामुळे एखादा कोपरा वितळला की सगळी ऊर्जा तोच ओढून घेतो आणि अजून तापतो. घरी 'डीफ्रॉस्ट' केल्यावर चिकनची कडा शिजते आणि मधला भाग दगड राहतो तो यामुळेच. म्हणून कारखान्यात ठोकळा पूर्ण वितळवतच नाहीत. उणे ४ ते उणे २ अंशांच्या आसपास थांबतात. कापण्याइतका मऊ, पण अजून गोठलेला.

या कामाला घरच्यापेक्षा वेगळी वारंवारता बरी पडते, ९१५ मेगाहर्ट्झ. तिची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर, घरच्या ओव्हनची सुमारे १२. लांब लहर ठोकळ्यात जास्त खोल शिरते. मॅग्नेट्रॉनही आडदांड: तुमच्या घरचा एक किलोवॉटच्या आसपासचा, इथला एकेक ७५ ते १०० किलोवॉटचा. घरचा ओव्हन दार उघडलं की बंद पडतो. पण पट्टा तर सतत आत-बाहेर चालू, दार लावणार कसं? म्हणून बोगद्याच्या दोन्ही तोंडांना लहरी परतवणाऱ्या आणि शोषून घेणाऱ्या खास रचना असतात. अमेरिकेत आधीच शिजवून विकलं जाणारं बेकन मोठ्या प्रमाणावर अशाच बोगद्यांतून निघतं.

अगदी अलीकडची पायरी म्हणजे बंद पाकिटातलं जेवण निर्जंतुक करणं. जुन्या पद्धतीत पाकिटाच्या मधोमध सुमारे १२१ अंश पोचेपर्यंत कडेचं अन्न शिजून लगदा होतं. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत जुमिंग तांग यांच्या गटाने पाकिटं दाबाखालच्या गरम पाण्यात बुडवून त्यावर ९१५ मेगाहर्ट्झच्या लहरी सोडण्याची पद्धत विकसित केली. आतपर्यंत उष्णता लवकर पोचते, त्यामुळे चव आणि पोत बरा राहतो. २००९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कुस्करलेल्या बटाट्यासाठी ही प्रक्रिया स्वीकारली. आपल्याकडे टाटांनी आंध्र प्रदेशातल्या श्री सिटीत हेच तंत्र वापरून 'टाटा क्यू' नावाची तयार जेवणं बनवायला घेतली. कोणी ती ट्रेनमध्ये खाल्ली असतील तर स्पेन्सरच्या पट्ट्याचा लांबचा नातेवाईक ताटात येऊन गेला म्हणायचा.

दोन डॉलर

त्या पेटंटसाठी स्पेन्सरला किती मिळालं? दोन डॉलर. रेथिऑन आपल्या नोकरदारांना पेटंटमागे तेवढीच नाममात्र रक्कम द्यायची, रॉयल्टी नाही. तो मात्र त्याच कंपनीत राहिला, वरिष्ठ उपाध्यक्ष आणि संचालक मंडळाचा सदस्य झाला. नावावर बरीच पेटंट जमा झाली. त्यातलं एक पिशवीत मका फुलवण्याचं, १९४९ चं. थिएटरबाहेर मिळणाऱ्या पॉपकॉर्नच्या पाकिटाचा पूर्वजच. प्राथमिक शाळाही पूर्ण न केलेल्या माणसाला मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली. ८ सप्टेंबर १९७० रोजी तो गेला. घराघरांत ओव्हन पोचायला तेव्हा नुकती सुरुवात झाली होती.

'योगायोगाने शोध लागला' हे वाक्य ऐकायला गोड आहे, कारण त्यात आपल्यालाही आशा वाटते की कधीतरी आपल्याही खिशात काहीतरी वितळेल. पण त्या दिवशी स्पेन्सर मॅग्नेट्रॉनसमोर उभा होता तो वीस वर्षं नळ्या बनवून, रात्री जागून धातुशास्त्र शिकून आणि दिवसाला सतराचे सव्वीसशे करून. वडी वितळल्यावर बहुतेक जण शर्ट धुवायला गेले असते. त्याने मक्याचे दाणे मागवले.

पुढच्या वेळी ओव्हन चालू असताना हेडफोन अडखळला तर चिडू नका. दोन मिनिटं थांबा. किंवा फोनचं वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर टाका, व्हिडिओचा तरी प्रश्न सुटेल.